दहा बोटांचे ठसे

२२ ऑगस्ट १९०६ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल सरकारच्या जादा राजपत्रात एका वटहुकुमाचा मसुदा प्रसिद्ध झाला. झुलू बंडाच्या मोहिमेत जखमींच्या डोल्या वाहून नुकतेच परतलेले बॅरिस्टर मोहनदास गांधी यांनी ते राजपत्र हाती घेतले, आणि ‘इंडियन ओपिनियन’ पत्राच्या गुजराती वाचकांसाठी त्याचे भाषांतर करावे म्हणून एका स्नेह्याला बरोबर घेऊन ते जोहान्सबर्गमधील आपल्या घराजवळच्या टेकडीवर जाऊन बसले. एकेक कलम स्वभाषेत उतरू लागले तसतसे अंगावर शहारे येऊ लागले, असे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी लिहून ठेवले आहे. परक्या भाषेतला कायदा वकिलाला केवळ कायदा म्हणून वाचता येतो. तोच मायबोलीत लिहू लागले की तो कोणाच्या दारावर थाप मारणार आहे हे डोळ्यांपुढे दिसू लागते.

मसुद्याची भाषा कोरडी होती. ट्रान्सवालमध्ये राहण्याचा हक्क सांगणाऱ्या प्रत्येक हिंदी पुरुषाने, स्त्रीने आणि आठ वर्षांवरील मुलाने एशियाटिक खात्याच्या निबंधकापुढे हजर व्हावे, पूर्वीचे परवाने परत करावेत, नाव, वस्ती, जात, वय यांच्या जोडीला अंगावरच्या ठळक खुणा नोंदवून घ्याव्यात, दोन्ही हातांच्या सर्व बोटांचे ठसे द्यावेत आणि नवा दाखला घ्यावा. मुदतीत जो हे करणार नाही त्याचा वास्तव्याचा हक्क बुडावा आणि त्याला दंड, कैद किंवा हद्दपारी भोगावी लागावी, असे त्यात होते. परंतु एवढ्यावरच भागत नव्हते. दाखला मिळाल्यानंतरही तो सदैव जवळ बाळगायचा होता. कोणत्याही शिपायाने रस्त्यात मागितला की तेथल्या तेथे काढून दाखवायचा होता. शिपायाला वाटेल तेव्हा घरात शिरून घरातल्या माणसांचे दाखले तपासता येणार होते. न्यायकचेरीत वा महसूलकचेरीत काही काम पडले, फार काय साधा सायकलचा परवाना काढायचा झाला, तरी आधी तो दाखला पुढे करावा लागणार होता.

माणूस काही अपराध करतो, त्याबद्दल त्याच्यावर संशय येतो आणि मग त्याला हटकले जाते, हा सर्व सुधारलेल्या राज्यांतला क्रम. या मसुद्याने तो क्रम उलटा केला. हटकणे आधी आले. संशय कायद्यानेच कायमचा चिकटवून दिला. आणि आपण निरपराध आहोत हे दिवसातून कितीही वेळा सिद्ध करण्याचा भार ज्याच्या कातडीवरून तो हिंदी असल्याचे कळते त्याच्या माथी टाकला. आपल्याकडच्या वाचकाला याची कल्पना नसेल असे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने याच ब्रिटिश अमलाने प्रथम उत्तर हिंदुस्थानात आणि पुढे आपल्या इलाख्यातही जमातीच्या जमाती जन्मानेच संशयित ठरवल्या. त्यांच्या नशिबी हजेरी आली आणि परवान्यावाचून गाव सोडण्याची मनाई आली. ट्रान्सवालमध्ये तीच पद्धत व्यापारी, फेरीवाले, वकील, मौलवी आणि शाळकरी पोरे या सर्वांना सरसकट लागू होत होती.

या प्रकरणाची मुळे बोअर लोकांच्या प्रजासत्ताकापर्यंत जातात. १८८५ च्या तिसऱ्या क्रमांकाच्या कायद्याने तेथे येऊन व्यापार करू पाहणाऱ्या एशियाई माणसावर नोंदणीचे आणि फीचे बंधन घातले होते. नेमून दिलेल्या वस्तीबाहेर त्याला जमीन घेता येत नसे, आणि नागरिकत्व तर दूरच. गांधी १८९३ मध्ये प्रिटोरियास गेले तेव्हा हिंदी माणसाने पदपथावरून चालू नये आणि रात्री नऊनंतर परवान्यावाचून बाहेर पडू नये, असा तेथे दंडक होता. रात्री फिरायला जाण्याची त्यांना सवय असल्यामुळे सरकारी वकील डॉ. क्राउझे यांनी, स्वतःही बॅरिस्टर असल्याच्या नात्याने, त्यांना एक पत्र लिहून दिले, ज्याच्या आधारे ते कोणत्याही वेळी शिपायाच्या अडथळ्याविना बाहेर हिंडू शकत. ते पत्र दाखवण्याचा प्रसंग क्वचितच आला. परंतु अध्यक्ष क्रूगर यांच्या साध्या घरावरून जात असताना पहाऱ्यावरच्या शिपायाने एके दिवशी एक शब्दही न बोलता त्यांना ढकलून आणि लाथ मारून पदपथावरून खाली लोटले, तेव्हा खिशातले ते पत्र काही उपयोगी पडले नाही. खिशात कागद आहे की नाही हे विचारण्याइतकाही धीर पहारेकऱ्याला नव्हता. दाखल्याने माणसाचे संरक्षण होते असे ज्यांना वाटते त्यांनी हा लहानसा प्रसंग ध्यानात ठेवावा.

१८९९ ते १९०२ च्या युद्धात इंग्रजांनी बोअरांचा पराभव केला. युद्धाची कारणे सांगताना इंग्रज मुत्सद्दी हिंदी प्रजेवरील जुलमाचा मोठ्या आवेशाने उल्लेख करीत असल्यामुळे आता तरी जाच संपेल, अशी हिंदी लोकांची भाबडी आशा होती. प्रत्यक्षात बोअरांच्या ढिल्या कारभारात जे कायदे कागदावर झोपून असत ते इंग्रजी शिस्तीत खडबडून जागे झाले. एशियाटिक खाते म्हणून एक स्वतंत्र खाते निघाले. शांततारक्षणाच्या वटहुकुमान्वये प्रवेशाचे परवाने सुरू झाले. आणि १९०३ मध्ये लॉर्ड मिल्नर यांनी हिंदी पुढाऱ्यांना सल्ला दिला की, तुम्ही आपखुशीने अंगठ्याच्या ठशासह नवे दाखले घ्या, एकदा नोंद झाली की पुन्हा नोंदणीची गरज पडणार नाही. हिंदी लोकांनी कायद्याची सक्ती नसताना तो सल्ला मानला. पुन्हा नोंदणी लागणार नाही हे आश्वासन अवघी तीन वर्षे टिकले.

सरकारची बाजू येथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खोट्या, विकत घेतलेल्या किंवा दुसऱ्याच्या नावाच्या परवान्यांवर हिंदी लोक शेजारच्या नाताळ वसाहतीच्या हद्दीतून ट्रान्सवालमध्ये शिरत आहेत. नावे सारखी, चेहरे परके, सह्या नाहीत, तेव्हा कोण खरा रहिवासी आणि कोण तोतया हे आमच्या अंमलदारांनी ओळखावे कसे, असा सरकारचा सवाल होता. चोरटा प्रवेश मुळीच होत नव्हता असे कोणी म्हणू नये. परंतु ज्या खात्याने ही चोरी थांबवायची त्याच खात्यात लाचलुचपत माजली होती. ज्यांचा हक्क होता ते दारावर तिष्ठत बसत आणि ज्यांचा नव्हता ते शंभर पौंड मोजून आत येत, अशी तक्रार गांधींपर्यंत आली, त्यांनी पुरावा गोळा करून पोलीस कमिशनरपुढे ठेवला, दोन अंमलदारांवर खटला झाला. ज्यूरीने त्यांना सोडले, तरी पुरावा इतका भक्कम होता की सरकारलाच त्यांना नोकरीतून काढावे लागले. याचा उपाय खाते सुधारणे हा होता. सरकारने त्याऐवजी साऱ्या जमातीची बोटे शाईत बुडवण्याचे ठरवले.

ही बोटे शाईत बुडवण्याची विद्या तरी आली कोठून? बंगालमधल्या जंगीपूर येथे १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या मुलकी अंमलदाराने एका ठेकेदाराकडून करारनाम्यावर पंजाचा ठसा उमटवून घेतला, कशासाठी तर पुढे त्याने सही नाकारू नये म्हणून. तेथून ही कल्पना वाढत वाढत बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाती आली; अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बुद्धिमान साहाय्यकांच्या परिश्रमांतून ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत सिद्ध झाली, आणि १८९७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ती स्वीकारली. हेच हेन्री १९०० मध्ये जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियातील पोलिसांची घडी बसवण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत काही काळ गेले होते. गांधींनी त्यांचे पुस्तक मिळवून वाचले, तेव्हा दहाही बोटांचे ठसे कायद्याने घेतले जातात ते केवळ गुन्हेगारांचे, असे त्यांच्या ध्यानात आले. दोन हिंदी माणसांच्या गणिती बुद्धीचे फळ समुद्र ओलांडून हिंदी माणसांच्याच बोटांवर येऊन पडले, हे वाचताना मला प्रत्येक वेळी विलक्षण खिन्नता येते.

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात ट्रान्सवालमधील हिंदी लोकांची जंगी सभा भरली. शेठ अब्दुल गनी अध्यक्षस्थानी होते. सुमारे तीन हजार माणसे दाटीवाटीने बसली होती. वटहुकूम मंजूर झाल्यास त्यापुढे मान तुकवायची नाही आणि त्यापायी येईल ते दुःख सोसायचे, असा चौथा ठराव होता. त्यावर बोलताना शेठ हाजी हबीब यांनी ईश्वराला साक्षी ठेवून हा ठराव केला पाहिजे असे आवेगाने सांगितले, तेव्हा गांधी प्रथम दचकले. हात वर करून ठराव संमत करणे वेगळे आणि परमेश्वराला मधे घालून शपथ घेणे वेगळे. दुसऱ्यांनी मोडली म्हणून शपथेतून आपली सुटका होत नाही, अखेरीस एकट्यावर पाळी आली तरी ती पाळलीच पाहिजे, हे त्यांनी सभेला समजावून सांगितले. सर्व सभा उभी राहिली आणि हात उंचावून शपथ झाली. ज्या लढ्याला पुढे ‘सत्याग्रह’ हे नाव मिळाले त्याचा आरंभ एका ओळखपत्राच्या प्रश्नावर झाला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून नुसत्या ओझरत्या उल्लेखाने येते. मला मात्र ती फार अर्थपूर्ण वाटते.

स्त्रियांना वगळण्यापुरता सरकारने मसुदा सौम्य केला. गांधी आणि हाजी ओजीर अली विलायतेला गेले. ८ नोव्हेंबर १९०६ रोजी सर लेपेल ग्रिफिन यांच्या पुढारपणाखाली दादाभाई नौरोजी, सर मंचरजी भावनगरी प्रभृतींचे शिष्टमंडळ वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांना भेटले. आणि परतीच्या वाटेवर आगबोट मदीरा बेटावर थांबली असता वटहुकुमाला बादशाही संमती मिळाली नसल्याची तार हाती पडली. आनंद क्षणभंगुर ठरला. ट्रान्सवालला लवकरच स्वयंशासन मिळणार होते, आणि त्या सरकारने तोच कायदा केल्यास संमती अडवायची नाही हे आधीच ठरून गेले होते. जनरल बोथा मुख्य प्रधान झाले, जनरल स्मट्स वसाहत-सचिव झाले, आणि मार्च १९०७ मध्ये नव्या विधिमंडळाने तोच मसुदा जवळजवळ शब्दशः, विशेष चर्चा न करता, कायदा म्हणून संमत केला. मूळ मसुद्याचा शिल्पकार लायोनेल कर्टिस नावाचा एक तरुण, हुशार आणि स्वतःच्या सद्हेतूविषयी निःशंक असलेला अंमलदार होता. १९१९ च्या सुधारणांतून हिंदुस्थानात जी द्विदल राज्यपद्धती आली तिचा प्रमुख पुरस्कर्ता हाच. माणसांची वर्गवारी करून त्यांना खणाखणांत बसवण्याची त्याची हौस दोन्ही ठिकाणी दिसते.

कायद्याचा अंमल १ जुलै १९०७ पासून सुरू झाला. परवाना-कचेरी एकेका गावी मुक्काम करीत हिंडू लागली आणि तिच्या दाराशी हिंदी स्वयंसेवकांचा पहारा बसला. पुष्कळसे बारा ते अठरा वर्षांचे मुलगे होते. त्यांना ताकीद होती की कोणी दाखला घ्यायला आलाच तर त्याला कायद्याचा अर्थ समजावून सांगावा, त्याने ऐकले नाही तर वाट सोडावी, आणि पोलिसांनी मारले तरी उलट शब्द बोलू नये. काही बड्या असामी दिवसा तोंड दाखवायला लाजत. त्यांच्यासाठी प्रिटोरियात रात्रीच्या वेळी एका खाजगी जागेत नोंदणीची सोय सरकारने करून दिली. कायदेशीर कृत्य करायला अंधार शोधावा लागला यातच त्या कायद्याची नैतिक किंमत कळून आली. मुदत वाढवत वाढवत ३० नोव्हेंबरपर्यंत नेली गेली, तरी सुमारे तेरा हजार हिंदी लोकांपैकी जेमतेम पाचशे जणांनी दाखले घेतले.

मग धरपकड सुरू झाली. १० जानेवारी १९०८ रोजी गांधींना, ज्या न्यायालयात ते वकील म्हणून उभे राहत त्याच न्यायालयात आरोपी म्हणून, दोन महिन्यांची साधी कैद झाली. थंबी नायडू तुरुंगात आले, चिनी समाजाचे पुढारी ल्यूंग क्विन आले. महिनाअखेर दीडशेवर सत्याग्रही कोठडीत होते. ‘ट्रान्सवाल लीडर’चे संपादक आल्बर्ट कार्टराइट यांनी तडजोडीचा खर्डा तुरुंगात आणला आणि ३० जानेवारीस कैद्याला प्रिटोरियात स्मट्स यांच्यापुढे नेण्यात आले. हिंदी लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, आणि बहुसंख्यांनी ती केल्यावर सरकारने कायदा रद्द करावा, असा समेट झाल्याचे गांधींनी मानले. कायदा रद्द करण्याचे वचन लेखी कागदात स्पष्ट नव्हते. ते तोंडी संभाषणात मिळाले असे गांधींचे म्हणणे, आणि ते दिलेच नाही असे स्मट्स यांचे. एवढ्या मुरब्बी वकिलाने मुख्य कलमच लेखी करून घेऊ नये हा दोष त्यांच्या पदरी घालावा लागेल, जरी तो प्रतिपक्षावर विश्वास ठेवण्याच्या सत्याग्रही व्रतातूनच उद्भवला असला तरी.

तुरुंगातून सुटून ते रात्रीच जोहान्सबर्गला परतले आणि मशिदीच्या आवारात मध्यरात्रीच्या सुमारास सभा भरली. या सभेवर मला थोडे रेंगाळायचे आहे. कारण साऱ्या वादाचे मर्म कंदिलांच्या त्या अपुऱ्या उजेडात एका पठाणाने अचूक पकडले. त्याचा सवाल असा होता: दहा बोटांचे ठसे फक्त चोरांचे घेतात, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेत, आता तुम्हीच ते द्यायला सांगता, हे कसे? तुम्ही पंधरा हजार पौंडांना कौम विकली असे आमच्या कानावर आले आहे. गांधींनी उत्तर दिले ते असे की, ठसा हे पाप नव्हे. जबरदस्ती हे पाप आहे. जो माणूस मला धाक घालून मुजरा करायला लावील त्याच्यापुढे मी मान वाकवणार नाही. पण तोच भाऊ म्हणून भेटला तर मी आपण होऊन सलाम करीन. कायद्याचा धाक उठल्यावर दिलेला ठसा ही आपल्या सभ्यतेची खूण होय. भेद सूक्ष्म आहे आणि मला तो पूर्णपणे पटतो. परंतु ज्याला गेले सहा महिने ‘शाईला बोट लावू नका’ एवढेच सांगण्यात आले होते त्याला तो एका रात्रीत पटावा ही अपेक्षा फार मोठी होती. जो प्रथम नोंदणीला जाईल त्याला मी ठार मारीन, अशी अल्लाच्या साक्षीने त्या पठाणाने शपथ घेतली. एम्पायर नाट्यगृहात शपथेचा जो अर्थ गांधींनी समजावून दिला होता त्याच अर्थाने तीही शपथ होती.

१० फेब्रुवारी १९०८ च्या सकाळी गांधी नोंदणी-कचेरीकडे निघाले असता फॉन ब्रँडिस रस्त्यावर मीर आलम या धिप्पाड पठाणाने त्यांना गाठले; काथ्याच्या गाद्यांच्या व्यवसायातला हा माणूस त्यांचा जुना पक्षकार होता. कोठे चाललात, असे त्याने विचारले. दहा बोटांचे ठसे देऊन दाखला घ्यायला चाललो आहे, असे उत्तर मिळाले; आणि पाठोपाठ मागून डोक्यात दांडा बसला. ‘हे राम’ म्हणून ते कोसळले, आणि खाली पडलेल्या शरीरावर तडाखे आणि लाथा बसत राहिल्या. बॅप्टिस्ट पाद्री जोसेफ डोक यांनी त्यांना आपल्या घरी नेले. गाल आणि ओठ शिवले होते, बरगड्या ठणकत होत्या, बोलण्याची डॉक्टरांनी मनाई केली होती. तरी पहिला अर्ज आपला असावा हा हट्ट सुटला नव्हता. एशियाटिक खात्याचे निबंधक माँटफर्ड चॅमनी कागद आणि शाई घेऊन अंथरुणापाशी आले. ज्याच्या कचेरीविरुद्ध गांधींनी महिनोन् महिने कडक लेख लिहिले होते तो अंमलदार त्या जखमी माणसाचे एकेक बोट शाईवरून कागदावर टेकवीत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. हल्लेखोरांवर खटला भरू नये अशी तारही गांधींनी त्याच बिछान्यावरून केली.

कायदा रद्द झाला नाही. उलट आपखुशीची नोंदणी कायदेशीर ठरवणारा दुसरा कायदा आणून पहिला तसाच कायम ठेवण्यात आला. मग १६ ऑगस्ट १९०८ रोजी, रविवारी, फोर्ड्सबर्ग भागातल्या हमीदिया मशिदीच्या आवारात सभा भरली. बाजारात मिळाली तेवढी मोठी लोखंडी कढई, चार वाकड्या पायांची, ओट्यावर मांडून ठेवली होती. सभा सुरू होणार तोच सायकलवरून एक स्वयंसेवक सरकारची तार घेऊन आला. आपला बेत बदलता येत नाही, असे सरकारने कळवले होते. तार वाचून होताच टाळ्यांचा कडकडाट झाला, जणू सरकार नमले असते तर लोकांची निराशाच झाली असती. दोन हजारांवर दाखले कढईत पडले, त्यांवर रॉकेल ओतले गेले, आणि ईसप मियां यांनी काडी लावली. ज्यांनी आतापर्यंत दाखले दिले नव्हते तेही धावत पुढे येऊन ज्वाळांत टाकू लागले. त्या गर्दीतून मीर आलम व्यासपीठावर आला. त्याने आपली चूक झाल्याचे सांगितले आणि आपला जुना परवाना जाळायला दिला. त्याने आपखुशीचा दाखला घेतलेलाच नव्हता. गांधींनी त्याचा हात हाती घेतला. लंडनच्या ‘डेली मेल’च्या वार्ताहराने या होळीची तुलना बोस्टनच्या चहाच्या प्रसंगाशी केली.

पुढची कहाणी हद्दीवरची आहे. नाताळ आणि ट्रान्सवाल यांच्या सीमेवर फोल्क्सरुस्ट नावाचे ठाणे. तेथे गाडी थांबली की शिपाई डब्यात चढे, दाखला मागे, तो नसल्यास ठसा मागे, आणि दोन्हींना नकार मिळाला की उतरवून तुरुंगात नेई. गांधी स्वतः ऑक्टोबरमध्ये तेथे पकडले गेले आणि दोन महिने सक्तमजुरी भोगून आले. अहमद महंमद काछलिया या व्यापाऱ्याने ट्रान्सवालमधील हिंदी लोकांच्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारताच गोऱ्या सावकारांनी, चळवळ सोडा नाहीतर सर्व देणे एकदम चुकते करा, असा तगादा लावला. त्यांनी चळवळ सोडली नाही. दिवाळे पत्करले, आणि सावकारांना पै न् पै मिळाली. १९०९–१० मध्ये अनेकांना डेलागोआ उपसागरातून, म्हणजे गोमंतकाप्रमाणेच पोर्तुगीजांच्या अमलाखाली असलेल्या बंदरातून, जहाजात घालून हिंदुस्थानात लोटून देण्यात आले. त्यांत आफ्रिकेत जन्मलेले आणि हिंदुस्थान कधी न पाहिलेलेही होते. नागप्पन हा कोवळा तरुण तुरुंगवासाच्या हालांनी जुलै १९०९ मध्ये, सुटल्यानंतर काही दिवसांतच, निमोनियाने मेला.

१९१२ च्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले केपटाउनला उतरले. ट्रान्सवालमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती होती, थोडे महाराष्ट्रीय हिंदूही होते, आणि त्यांना गोखल्यांचे भाषण मराठीत ऐकायचे होते. गांधींनी त्यांना मराठीतच बोलण्याची गळ घातली आणि हिंदुस्थानीत भाषांतर करण्याचे काम आपल्याकडे घेतले. तुमचे हिंदीचे ज्ञान मी जाणतो, पण मराठी कधी शिकलात, असे विचारून गोखले मनमोकळे हसले. कायदेमंडळात इंग्रजीखेरीज न बोलणारा हा कोतळूकचा माणूस तेथपासून पुढे झांजिबारपर्यंत आपल्या माणसांशी मराठीत बोलत गेला. समुद्रापलीकडे ठशांच्या आणि दाखल्यांच्या जाचात राहणाऱ्या रत्नागिरी-कुलाब्याच्या त्या माणसांना आपल्या किनाऱ्यावरची भाषा ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करावी. बोथा आणि स्मट्स यांची भेट घेऊन नोंदणीचा हा काळा कायदा रद्द होणार आणि गिरमिटमुक्तांवरील, म्हणजे कराराची मुदत संपलेल्या मजुरांवरील, तीन पौंडांचा कर जाणार अशी खात्री बाळगून गोखले परतले. गांधींना ती खात्री वाटत नव्हती.

त्यांची शंका खरी ठरली. कराचे वचन मोडले गेले, आणि ६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले, बहुतेक नाताळच्या कोळशाच्या खाणींतले गिरमिटिये, परवान्यावाचून पायी चालत त्याच फोल्क्सरुस्टच्या हद्दीतून ट्रान्सवालमध्ये शिरली. डब्यात एकेकट्याला हटकणाऱ्या शिपायाला एवढ्या माणसांकडे दाखला मागता आला नाही. १९१४ च्या कायद्याने कर गेला, हिंदी विवाहांना मान्यता मिळाली, आणि वास्तव्याच्या ज्या दाखल्यावर धारकाच्या अंगठ्याचा ठसा असेल तो प्रवेशाच्या हक्काचा निर्णायक पुरावा मानावा असे ठरले. ठसा उरलाच; तो आता माणसाच्या बाजूने साक्ष देणार होता.

या लढ्याची एक बाजू सांगितल्यावाचून लेखणी खाली ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ज्या रस्त्यांवर हिंदी माणसाला दाखला विचारला जाऊ नये म्हणून हे सर्व झाले, त्याच रस्त्यांवर आफ्रिकी मजुराला शिपाई कित्येक वर्षांपासून पास विचारीत होता, आणि पास नसल्यास तुरुंगात टाकीत होता. हिंदी पुढाऱ्यांच्या त्या काळच्या अर्जांतून आम्हाला काळ्या लोकांच्या पंक्तीला बसवता, ही तक्रार वारंवार येते. गांधीही त्या दोषातून मुक्त नव्हते. झुलू जखमींच्या डोल्या वाहून आलेल्या माणसाला त्यांच्या पासांचा जाच आपल्या लढ्यात घ्यावासा वाटला नाही. पासांविरुद्धचा लढा आफ्रिकी लोकांनीच उभारला. १९१३ मध्येच ब्लूमफाँटेनच्या आफ्रिकी स्त्रियांनी पास घेण्याचे नाकारले आणि तुरुंग भरले. १९५२ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकी माणसाला बोटांच्या ठशांसह पासबुक बाळगण्याची सक्ती झाली. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियातील सरकारी इमारतींपुढे जाऊन अर्धा तास निःशब्द उभ्या राहिल्या. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलचे लोक पासबुके घरी ठेवून, आम्हाला अटक करा असे सांगत, पोलीस ठाण्यापुढे जमले. गोळीबारात ६९ माणसे पडली. पाच दिवसांनी प्रिटोरियात अल्बर्ट लुथुली यांनी आपले पासबुक जाळले, आणि त्यानंतर दोन दिवसांनी जोहान्सबर्गच्या ऑर्लंडो वस्तीत, लोकांसमक्ष, नेल्सन मंडेला यांनी आपले.